एटेम मिनी प्रो की रोलँड व्ही-१एचडी?

दोन्ही व्हिडिओ स्विचर, म्हणजे कॅमेरे-लॅपटॉपमधून हवं ते चित्र निवडून पुढे पाठवणारी यंत्रं. दोन्ही चार एचडीएमआय इनपुटचे, दोन्ही 1080पी पर्यंतच, म्हणून लोक किंमत बघून एक उचलतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी घाम फुटतो. खरा फरक स्केलिंगमध्ये, म्हणजे येणारं चित्र स्विचरच्या फॉरमॅटमध्ये बदलून घेण्यात आहे. ब्लॅकमॅजिकच्या एटेम मिनी प्रोत चारही इनपुटला कन्व्हर्टर आहे, म्हणजे कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेमवर आणि लॅपटॉप 60 वर असला तरी चालतं. आपल्याकडे हॉलमधल्या लाइट फ्लिकर होतात म्हणून कॅमेरा 50 वरच ठेवावा लागतो ना, तिथे हे फार कामाला येतं. रोलँडमध्ये स्केलर फक्त चौथ्या इनपुटला, बाकी तिघांना सेट केलेलाच फॉरमॅट द्यायचा. पण त्या चौथ्यावर पाहुण्या वक्त्याचा जुना 4:3 वाला लॅपटॉपसुद्धा बसतो, एटेमला असलं कॉम्प्युटरचं रिझोल्यूशन रुचत नाही, आधी 1920 बाय 1080 करून घ्या.

आउटपुटचं मात्र नीट ऐका! एटेमला एचडीएमआय आउट एकच, त्यावर मल्टिव्ह्यू (सगळे इनपुट एकाच स्क्रीनवर) घेतला की प्रोजेक्टरला काय देणार? एका संमेलनात मी ह्यातच अडकलो होतो, शेवटी मल्टिव्ह्यू सोडून अंदाजाने स्विचिंग केलं. रोलँडला प्रोग्राम (पडद्यावर जाणारं चित्र) वेगळा, प्रिव्ह्यू (पुढचं चित्र आधी बघायला) वेगळा, शिवाय एका चित्रावरून दुसऱ्यावर जायचा दांडा, टी-बार, हाताला छान वाटतो.

लाइव्ह स्ट्रीम करायचं असेल तर एटेमच घ्या, नेटची केबल लावा आणि सुरू, रोलँडला वेगळं कॅप्चर कार्ड (चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण) लागतं. नुसतं स्टेज आणि पडदा असेल तर मी रोलँडच नेतो.