अ‍ॅम्बॅसिडरची थरथर: आधी बॅलन्सिंगचं मशीन की मिस्त्रींची घोडी?

माझी १९८४ची मार्क फोर अ‍ॅम्बॅसिडर पंचावन्न ओलांडलं की थरथरायला लागायची आणि सत्तरच्या आसपास पुन्हा शांत व्हायची. जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी सांभाळणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. आमच्या कुडाळ-मालवण भागात त्यावर दोन वाटा आहेत. हायवेवरच्या टायरच्या दुकानात कॉम्प्युटर बॅलन्सिंग करून घ्यायचं, म्हणजे चाक मशीनवर फिरवून, हलक्या बाजूला छोटी वजनं लावून तोल साधायचा, नाही तर मिस्त्रींकडे गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवून एकेक भाग वगळत जायचं. मी दोन्ही करून पाहिलं.

मशीनचं काम झटपट होतं आणि पुष्कळांचा प्रश्न तिथेच सुटतो, हे आधी सांगतो. पावसाळा संपल्यावर तर चाकाच्या लोखंडी डिस्कच्या आतल्या बाजूला लाल चिखल वाळून दगडासारखा बसलेला असतो. तो खरवडून, धुऊनच चाक मशीनवर द्यावं. गाडी चार महिने एका जागी उभी असेल तर टायर खालून चपटे होतात, म्हणून आधी थोडी चालवून घ्यावी.

माझं मन मात्र एका गोष्टीमुळे उडालं. मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून पकडतात. आपली जुनी लोखंडी डिस्क गाडीवर बसते ती नटांच्या उतरत्या खोबणींवर. त्यात खाऱ्या हवेनं मधल्या भोकाची कड खाल्लेली, वर रंगाचे थर. मग मशीनवरचा मध्य आणि गाडीवरचा मध्य एकच कसा असेल? मी दुकानदाराला विनंती केली की शून्य दाखवलेलं चाक सैल करून, अर्धा फेरा फिरवून परत आवळा. त्याच चाकाला आता २५ ग्रॅम हवे होते. पुन्हा फिरवलं, पुन्हा वेगळा आकडा. दुकानदार भला माणूस, त्यानं मनापासून तीनदा वजनं बदलली, आणि मी तीनदा तीच थरथर घेऊन घरी आलो. चाक नटांच्या भोकांवर पकडणारी जोडणीही मिळते. ती तुमच्या दुकानात असेल तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते. मी विचारलं त्या तीन दुकानांत नव्हती.

मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी एवढंच सांगितलं, "पयली साठाक नेऊन न्यूट्रलात घाल रे, मगे चाकाक हात लाव." सपाट, मोकळ्या रस्त्यावर हे करायचं, घाटात कधीच नाही. न्यूट्रलमध्ये थरथर थांबली तर संशय इंजिन, क्लच आणि माउंटिंगकडे जातो. माझी थांबली नाही. म्हणजे चाकं, ब्रेकचे ड्रम किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फिरणं नेणारा लांब दांडा.

यातला फरक हिशोबानं कळतो. साठच्या वेगाला अ‍ॅम्बॅसिडरचं चाक सेकंदाला साधारण आठ फेरे घेतं आणि प्रोपेलर शाफ्ट चारपटीहून जास्त, म्हणजे तिसाच्या वर. चाकाची थरथर डोळ्यांना दिसते, स्टिअरिंग हलतं, बॉनेट हलतं. शाफ्टची थरथर तळपायाला झिणझिणते आणि आरशातलं चित्र पुसट होतं. माझ्या आरशात मागच्या ट्रकचा नंबर कधी वाचता येत नव्हता.

मग गाडी घोडीवर गेली. घोड्या मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगखाली, म्हणजे वजन कमानपाट्यांवरच राहतं आणि शाफ्टचा कोन बदलत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडाचे ठोकळे, गाडीखाली कोणी नाही. मागची दोन्ही चाकं काढली, ड्रम नटांनी आवळले आणि टॉप गिअरमध्ये इंजिन चालवलं. तीच झिणझिण, तीच घुंई. चाकं भिंतीला टेकून ठेवलेली होती.

इंजिन बंद करून मिस्त्री खाली गेले. शाफ्टच्या मागच्या क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याच्या, एका कपाच्या सीलभोवती तांबूस भुकटी होती. आपल्याकडे गाडीखाली सगळीकडेच लाल धूळ असते, त्यामुळे ती नजरेतून सहज सुटते. त्यांनी फडक्यानं सगळं पुसलं आणि गाडी दहा किलोमीटर फिरवून आणायला सांगितली. जांभ्याची धूळ सगळीकडे सारखी बसली होती. भुकटी तेवढी त्याच सीलच्या कडेतून पुन्हा बाहेर आली होती. कपातल्या बेअरिंगच्या सुया ग्रीसवाचून गंजून झिजत होत्या.

क्रॉस बदलताना फ्लँजवर (शाफ्ट मागे जिथे बोल्टांनी जोडतो ती चकती) आणि दातांवर पुढेमागे सरकणाऱ्या फोर्कवर (क्रॉस धरणारा दुहेरी चिमटा) रंगाची खूण करायला विसरू नका. दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत हवेत. एक दात इकडेतिकडे झाला तर नव्या क्रॉसवरही गाडी थरथरते.

या वाटेलाही मर्यादा आहेत. अर्धा दिवस जातो, मिस्त्री जाणता लागतो, आणि शाफ्टच वाकला असेल तर तो उतरवून शाफ्ट बॅलन्स करणाऱ्याकडे द्यावाच लागतो. त्यासाठी इथून फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं. स्टिअरिंग हलत असेल, टायर नुकतेच बदलले असतील तर आधी मशीनकडे जाणंच कदाचित योग्य. पण थरथर पायाखाली असेल तर मी तरी आधी घोडीवर जाईन. एकही चाक न फिरवता उत्तर मिळेल अशी दुसरी जागा मला सापडलेली नाही.

पुढची दोन चाकं मी नंतर मशीनवर करून घेतलीच. परवा कसाल ते कुडाळ साठनं आलो. मागच्या ट्रकचा नंबर आरशात उलटा, पण आकडा न् आकडा दिसत होता.