पूर्वजांचा माग काढायचा तर सुरुवात कुठून: तीर्थोपाध्यायांच्या वह्या, सरकारी दप्तर, कुलवृत्तांत की डीएनए?

पणजोबांच्या मागचं एकही नाव ठाऊक नाही, आता शोधायचं कसं, असं विचारणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकाला वंशावळ हवी असते, जितकी मागे जाईल तितकी. दुसऱ्याला जिवंत माणसं हवी असतात: गिरणीत कामाला म्हणून गेलेल्या चुलत आजोबांची मुलं, लांब दिलेल्या आत्याचं घर. या दोघांचे रस्ते वेगळे आहेत. कोणता धरायचा हे आधी ठरलं नाही, तर पैसा आणि उमेद दोन्ही वाया जातात. म्हणून चारही साधनं शेजारी ठेवून बघू.

वंशावळ हवी असेल तर त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांना तोड नाही. घराण्यातलं कुणी तीर्थाला गेलं, की उपाध्याय त्याचा लेख लिहून घेतात: स्वतःचं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे, मूळ गाव, सध्याची वस्ती आणि खाली सही किंवा अंगठा. पुढच्या पिढीतला माणूस आला की त्याला जुना लेख दाखवतात आणि त्याच्याकडून नवा लिहून घेतात. चार-पाच लेख सापडले की मधल्या कड्या आपोआप जुळतात, आणि पणजोबांचं स्वतःचं अक्षर बघायला मिळतं ते वेगळंच. मात्र तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो गावाचा. मूळ गाव सांगता आलं नाही, तर नुसत्या आडनावावर वही उघडणं अवघड असतं. पवार, जाधव, कुलकर्णी ही आडनावं शेकडो गावांत आहेत.

या वह्यांची मर्यादाही मोठी आहे. तीर्थाला जाण्याची ऐपत आणि मुभा ज्यांना होती, त्यांचीच नावं तिथे भेटतात. दलित, भटक्या आणि गरीब घरांतल्या कित्येकांना तिथे काहीच मिळत नाही. बायका आई किंवा पत्नी म्हणून दिसतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी बहुधा दिसतच नाहीत. हरवलेली आत्या शोधायला निघालेल्या माणसाने त्र्यंबकला जाण्याची घाई करू नये.

तिच्यासाठी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष आहे, आणि माझ्या मते बहुतेक मराठी घरांनी सुरुवात तिथूनच करावी. जुने सातबारे, हक्कनोंदी, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), कुळ नोंदवही, खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. कोतवाल बुकातली एक ओळ बघा: तारीख, बापाचं नाव, जात, गाव आणि मुलगा की मुलगी. बाळाचं नाव कित्येकदा नसतंच, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं असे. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण येतं. एका साथीच्या वर्षात एकाच घरातली तीन-चार माणसं ओळीने गेलेली दिसली, की घरातल्यांनी गाव का सोडलं तेही उमगतं.

खरा ऐवज वारस फेरफारात असतो. खातेदार वारला की त्याचे वारस नोंदवले जातात, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर त्यांत मुलीही येऊ लागल्या. अनेक ठिकाणी त्यांचं सासरचं नाव असतं, कधी सासरचं गावही. हक्कसोड पत्र झालं असेल तर त्यात पूर्ण पत्ताच मिळतो. वह्यांत जी आत्या सापडत नाही ती इथे सापडते, तीही थेट पत्त्यासकट. जमीन नसलेल्या घरांसाठी गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर तितकंच मोलाचं. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडून कुठे गेला तेही असू शकतं. वतनदार आणि बलुतेदार घरांची नावं वतनाच्या कागदांत मिळतात. त्यामुळे गावकीच्या कामात असलेल्या महार, रामोशी, कोळी घरांनी दप्तराकडे पाठ फिरवू नये.

2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदी शोधताना राज्यभर जुनी बासनं उघडली गेली, आणि अनेक जिल्ह्यांनी स्कॅन केलेली पानं आपल्या संकेतस्थळांवर ठेवली. त्या कामाचा फायदा कोणत्याही जातीच्या शोधकाला घेता येतो. आधी घरबसल्या ती पानं बघा, मग नकलेसाठी अर्ज करा. नकलेची फी थोडी असते, हेलपाटे मात्र घालावे लागतात.

अडचण आहे ती लिपीची. जुन्या नोंदी मोडीत आहेत, मराठवाड्यात निजामी अमलामुळे उर्दूतही. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घ नाही, आडनावाऐवजी 'राणू बिन सटवा' (सटवाचा मुलगा राणू) किंवा 'सखू कोम राणू' (राणूची बायको सखू) एवढंच. पेशवाईतला कागद असेल तर साल 'इहिदे सबैन मया व अलफ' असं येतं. एक, सत्तर, शंभर, हजार मिळून 1171, त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1770-71. शके असेल तर 78 मिळवायचे, जानेवारीपासून वर्षप्रतिपदेपर्यंतच्या तारखेला 79. हे शिकता येतं. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, आणि चार महिने मनापासून बसलं तर कोतवाल बुक लागायला लागतं. घाई असेल तर मोडी वाचकाला पैसे द्यावेत, पण त्याने दिलेल्या लिप्यंतरासोबत मूळ पानाचा फोटो मागून घ्यायचाच. घराणं इनामदार किंवा देशमुख-देशपांडे असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि इंग्रजांनी इनामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या इनाम कमिशनचे कागद तपासावेत. इनाम सिद्ध करायला लोकांनी तिथे वंशावळी सादर केल्या आहेत. त्या वाचताना एवढं ध्यानात असावं, की त्या हक्क मिळवण्यासाठी लिहिल्या गेल्या आणि सोयीच्या नसलेल्या शाखा कधी कधी त्यांतून गळल्या.

कुलवृत्तांताबद्दल, म्हणजे घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकाबद्दल, थोडक्यात. आपल्या घराण्याचा छापलेला असेल तर नशीबच, कारण वर्षांचं काम कुणीतरी करून ठेवलेलं असतं. कोकणस्थ घराण्यांचे पुष्कळ आहेत, इतर काही समाजांचेही आहेत, बाकी बहुजन घरांचे मोजके. नंतरच्या आवृत्त्यांत लेकी-जावयांची नावंही येतात. पण सगळ्यात वरच्या दोन-तीन पिढ्या बहुधा ऐकीव असतात. छापलं आहे म्हणून त्या पुराव्यासारख्या धरू नका.

डीएनए चाचणीची जाहिरात सगळ्यात आकर्षक असते आणि सामान्य मराठी घराला तिचा उपयोग सगळ्यात कमी. ती नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. त्याच कंपनीकडे ज्यांनी चाचणी केली आहे त्यांच्याशीच तुमचं नातं जुळवते, आणि भारतातून चाचणी केलेले लोक अजून थोडे आहेत. त्यात आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या जातीतच सोयरिकी, शिवाय आतेमामे भावंडांची लग्नं. त्यामुळे दोघांमधला सामायिक अंश फुगतो आणि लांबचा नातेवाईक जवळचा म्हणून दाखवला जातो. आपली जनुकीय माहिती परदेशी कंपनीच्या हवाली करायची, हा प्रश्नही आहेच. 23अँडमी या मोठ्या कंपनीने मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा लाखो ग्राहकांना आपल्या माहितीचं पुढे काय होणार याची चिंता लागली.

तरीही एका माणसासाठी मी डीएनएला पहिला मान देईन: दत्तक गेलेलं मूल. विशेषतः जे परदेशात वाढलं आणि ज्याच्या हाती संस्थेच्या नावापलीकडे काही नाही. भारताच्या दत्तक नियमांत दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्याची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील असेल तर पालकांसह अर्ज करावा लागतो, आणि तिच्या वतीने त्रयस्थाने शोध घेणं मान्य नाही. पण जन्मदात्या आईने नाव कळवायला नकार दिला, तर कागद तिथेच थांबतात. अशा वेळी एखादा जुळलेला चुलतभाऊ हाच एक धागा उरतो. नकार देणाऱ्या आईचा हक्कही तितकाच खरा आहे, हे मनाशी धरून पुढे जावं.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचं गणित थोडं निराळं. रत्नागिरी भागातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत बापाचं नाव, गाव, वय, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात, काहींचे फोटोही मिळतात. कारकुनाने गावांची नावं कानाला आली तशी इंग्रजीत उतरवली. ते गाव नकाशावर ओळखण्यासाठी कोकणातल्या माणसाची मदत घ्यावी, आणि मग पुढचा शोध इथल्या दप्तरात. गोव्यातून आलेल्या घरांनी आधी कुलदैवत बघावं. पोर्तुगीजांच्या भीतीने मंगेशाचं लिंग 1560 मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला नेलं. तसंच इतर दैवतांचंही झालं, त्यामुळे देवाचं मूळ स्थान कळलं की पूर्वजांचा गाव जवळ येतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या आमच्या कोतवाल बुकापेक्षा कितीतरी नेटक्या मिळतात.

म्हणून क्रम असा: घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईकडून गाव, कुलदैवत आणि माहेरं-सासरं लिहून घ्या. मग दप्तर, मग वह्या. डीएनए शेवटी, दत्तक व्यक्ती सोडून.

आणि फेरफारातून पत्ता मिळाला, तर नक्कल हातात घेऊन दारात उभे राहू नका. जुना उतारा दिसला की समोरच्याला पहिली शंका येते ती जमिनीच्या वाट्याची, आणि ती रास्तही आहे. भावकीतले कितीतरी दावे असेच सुरू झालेत. गावातल्या जुन्या मास्तरांमार्फत किंवा जत्रेच्या निमित्ताने जा. एखादा जुना फोटो न्या, आपली माणसं कोण ते सांगा, आणि आपल्याला वाटा नको हे विचारायच्या आधी स्वतःहून बोला. कागद दुसऱ्या भेटीत दाखवता येतात.