ई-सेलेनियमचं इंजेक्शन: द्राक्षपट्ट्यातल्या मेंढ्यांना किती कामाचं?

जनावरांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळणारं ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम या खनिजाचं हे इंजेक्शन निफाड-दिंडोरीकडे विषबाधेवरही मागितलं जातं. औषध चांगलं आहे, पण तो उतारा नाही.

आपल्या भागात मेंढीला खरी भीती मोरचूदाची, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराची. बागेवर बुरशीसाठी फवारतात ते एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्यात किलोभर मोरचूद. फवारलेल्या बागेतलं गवत आणि छाटणीचा पाला मेंढ्या खातात, तांबं यकृतात साठत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यात गाईंचं मिनरल मिक्श्चर चारलं की आणखी भर. मेंढीला एवढं तांबं झेपत नाही. मग लांबची चाल किंवा उपासमार झाली की साठा एकदम रक्तात उतरतो, तांबड्या पेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी कोकमाच्या पाण्यासारखी.

ई जीवनसत्त्व पेशीच्या आवरणातल्या चरबीचं ऑक्सिडीकरण रोखतं. सेलेनियम त्याच कामाच्या एका एन्झाइमचा भाग आहे. उंदीर-कोंबड्यांना शिसं, कॅडमियम देऊन केलेल्या प्रयोगांत ई आणि सी दिल्यावर यकृताची हानी कमी दिसली आहे. पण हानी कमी होणं वेगळं, धातू बाहेर पडणं वेगळं. साठलेलं तांबं या इंजेक्शनने हलत नाही. त्यासाठी अमोनियम मोलिब्डेट आणि सोडियम थायोसल्फेट लागतं, तेही डॉक्टरांच्या हातून. लाल लघवी दिसल्यावर ई-सेलेनियमवर वेळ घालवू नका.

मात्रेत घोटाळा होतो तो लेबल न वाचल्याने. प्रति मिली 50 मिलिग्रॅम ई आणि 1.5 मिलिग्रॅम सेलेनियम असेल, तर 30 किलोच्या मेंढीला 2 मिली, म्हणजे किलोमागे 0.1 मिलिग्रॅम सेलेनियम. यापुढे जाऊ नका. 10 मिली टोचलं तर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम होतं आणि तेवढ्यात मेंढी दगावू शकते. चाटण-विटेत सेलेनियम असेल तर तेही हिशेबात धरा. इंजेक्शन मानेच्या स्नायूत द्या, मांडीत नको.

सी जीवनसत्त्वाची पावडर पाण्यातून पाजण्यात पैसे घालवू नका: मेंढी ते स्वतःच्या यकृतात तयार करते, आणि तोंडावाटे दिलेलं बहुतेक कोठीपोटातच नष्ट होतं. कोंबड्यांची गोष्ट वेगळी, उन्हाळ्यात त्यांना ते उपयोगी पडतं.

दुकानात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका.