खोक्यावर ४८, आत २१ : बॅटरीच्या वॉशर गनने झालेली फसवणूक

इंदूरला राजेंद्र नगरमध्ये आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. मी आणि माझी जाऊ, दोघी मिळून ते चालवतो. दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढतात आणि नेमकं तेव्हाच शटर, बाहेरचे पेव्हर ब्लॉक, शेगडीमागच्या टाइल्स, एक्झॉस्टची जाळी असं सगळं धुवायला निघतं. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, दुकानापुढे घाण दिसलेली इथे कुणाला खपत नाही, आणि मलाही नाही. त्यामुळे बॅटरीवर चालणारी पाण्याची गन घेऊन तो मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा मला ती खरंच हवी होती.

मोटरसायकलला पाच-सहा निळे खोके बांधलेले. "भाभीजी, अड़तालीस वोल्ट है, सर्विस सेंटर जैसी धार," म्हणत त्याने आमच्याच बादलीत नळी सोडली आणि शटरवर धार मारली. महिन्याची धूळ पाच मिनिटांत खाली. पेव्हर ब्लॉकच्या फटींतली मातीही उडाली. भाव ३,८०० वरून ३,२०० वर आला. मी यूपीआयने पैसे दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाही, कुणा माणसाचं नाव आलं. जाऊ तिथल्या तिथे म्हणाली, "ताई, दुकानाचं नाव का नाही हो येत?" मी म्हटलं, फिरून विकणारा मुलगा आहे, त्याचं कुठलं दुकान. बिल म्हणून त्याने 'एस्टिमेट' छापलेला कागद दिला. त्यावर ना जीएसटी नंबर, ना पत्ता. मला दिला तो सीलबंद खोका. चालवून दाखवली ती गन त्याने परत पिशवीत टाकली.

रात्रभर चार्ज केली, सकाळी सुरू केली. सातव्या मिनिटाला धार मंदावली आणि गन बंद पडली. तो म्हणाला होता पाऊण तास चालेल. टाइल्सवर तर काहीच झालं नाही, तेलाच्या थरावरून पाणी ओघळून खाली आलं. (यात गनचाच दोष नाही. गार पाण्याने ओशट थर नीट सुटत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून फडकं तासभर चिकटवून ठेवलं की सुटतो. पण हे मला ठाऊक असून मी त्याला टाइलवर चालवून दाखव म्हटलं नाही, आणि त्याने आपणहून फक्त धूळ धुऊन दाखवली.)

जेल रोडवर आमचे ओळखीचे एक दुरुस्तीवाले काका आहेत. त्यांनी बॅटरीचे चार स्क्रू काढले. आत बोटाएवढे पाच सेल, टोकाला टोक जोडलेले. बाकी अर्धी जागा रिकामी. सेल हलू नयेत म्हणून स्पंजचा तुकडा कोंबलेला. काकांनी मीटर लावला : २०.६. म्हणाले, असा एक सेल भरून भरून ४.२ व्होल्टपर्यंत भरतो, पाचांचे झाले २१. खरी ४८ व्होल्टची बॅटरी करायची तर असे तेरा सेल एकापुढे एक लागतात.

मग मी खोका नीट वाचला. त्यावर '४८ व्ही' नव्हतंच, '४८ व्हीएफ' होतं. तो 'एफ' इतका बारीक की मला दिसलाच नव्हता. बॅटरीचं 'व्हीएफ' असं कुठलंही माप नाही. उद्या कुणी तक्रार केली तर आम्ही व्होल्ट लिहिलेच नव्हते म्हणायला ती पळवाट. बाजारात ८८ व्हीएफ, ३९८ व्हीएफ असेही आकडे छापलेले असतात. त्याखाली '१५००० एमएएच', म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल साधारण ३,५०० पर्यंत जातो, आमचा १,३०० च्या आसपास निघाला.

पुतण्या इथल्याच एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्याने खोक्यावरचे '१०० बार, मिनिटाला ५ लिटर' हे आकडे घेतले. बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप. बार गुणिले लिटर, भागिले ६०० : तेवढे किलोवॉट नुसते पाणी ढकलायला लागतात. इथे झाले ८३० वॉटच्या वर. आमच्या बॅटरीत साठते ती सगळी वीज दोन मिनिटंही पुरणार नाही. म्हणजे सात मिनिटं चालली, तेव्हा धार १०० बारची नव्हतीच. हाच हिशेब वायरच्या मशिनलाही लावता येतो. २०० बार आणि १० लिटर लिहिलंय म्हणजे तीन किलोवॉटच्या वर मोटर हवी, आणि तिला बारीक पिनांचा ६ अँपिअरचा प्लग असेल तर तो आकडा खोटा, कारण त्या प्लगातून १,४०० वॉटसुद्धा मिळत नाहीत.

खोक्यावरच्या नंबरवर फोन केला. "रिफंड भेज रहे हैं, क्यूआर स्कॅन करके पिन डालिए." जावेने माझ्या हातातून फोन काढून घेतला. पैसे येताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका उशीर तितके ते सापडणं अवघड.

तुम्ही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तुमचाच खोका फोडून, तुमच्याच घाणीवर पूर्ण बॅटरी संपेपर्यंत चालवून घ्या. बॅटरी काढून वजन करा. आमची कणकेच्या काट्यावर २९० ग्रॅम भरली. एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा, तेरा सेलांचेच ५८५ व्हायला हवेत. बॅटरीवर 'आयएस १६०४६' (अशा बॅटऱ्यांसाठीचं भारतीय मानक) आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा, तो बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि मूळ देश खोक्यावर छापलेला असावाच लागतो. आमच्या खोक्यावर एमआरपी ८,९९९ होती आणि पत्त्याच्या जागी काहीच नव्हतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यांनी विक्रेत्याचा पत्ता विचारला, माझ्याकडे फक्त यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि तो एस्टिमेटचा कागद. दोन्हींचे फोटो पाठवले. बॅटरी उघडलेल्या अवस्थेत प्लास्टिकच्या डब्यात ठेवली आहे, टोकांना चिकटपट्टी लावून. कचऱ्याची गाडी रोज सकाळी दारात येते, तिला इ-कचऱ्याचा वेगळा कप्पाही आहे, पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ती टाकायची नाही असं आम्ही ठरवलंय.