लेझरने कापलेला एक्झॉस्ट फ्लँज: पैसे वसूल, पण वेल्डिंग नीट हवं

गाडीचा एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा) पाइप बदलल्यावर जुना फ्लँज, म्हणजे पाइपच्या टोकाची बोल्टने आवळायची चकती, जुळत नसेल, तर नव्या गॅस्केटवरून (सांध्यात बसणाऱ्या सीलवरून) आराखडा काढून लेझर-कटिंगवाल्याकडून फ्लँज कापून घेणं हा सर्वात चांगला मार्ग. बाजारातल्या ‘युनिव्हर्सल’ फ्लँजची लांबट भोकं पाइपला सरकू देतात. इथे तो प्रश्नच उरत नाही. जाडी 10 मिमी सांगा. 6 मिमीचा फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने सहज वाकतो आणि दोन बोल्टच्या मधून धूर गळतो. एम10 (10 मिमी जाडीच्या) बोल्टला 11 मिमीचं भोक पुरे. जाड पत्र्यात लेझरचं भोक किंचित निमुळतं येतं, ते ड्रिलने मोकळं करा.

खरी कसोटी वेल्डिंगची. पाइप रबरी हँगरवर मोकळा टांगून, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, गाडीखाली फक्त टॅक (जागा धरून ठेवणारे वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत. पूर्ण वेल्ड टेबलावर, फ्लँज जाड प्लेटला आवळून, समोरासमोर छोटे टाके घेत. थंड झाल्यावरच सोडा, मग पट्टी लावून सपाटी तपासा.

304 या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचा एक मीटर पाइप 400 अंशांनी तापला की सुमारे 7 मिमी वाढतो. तेवढी मोकळीक ठेवली नाही, तर ताण थेट वेल्डवर येतो.