थांबून थांबून धावणारा खेळ : ‘आयशील्ड २१’

गोव्यात फुटबॉल म्हटले की फातोर्ड्याचे मैदान डोळ्यांसमोर येते, किंवा भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात संध्याकाळी अंधार पडेपर्यंत चालणारे सामने. अशा अखंड वाहणाऱ्या खेळावर वाढलेल्या माझ्यासारख्या डिचोलीकराला दर काही सेकंदांनी थांबणारे अमेरिकन फुटबॉल कधीच रुचले नव्हते, आणि ज्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो त्याला फुटबॉल का म्हणावे, हा प्रश्न मला अजूनही सुटलेला नाही. तरीही भाच्याने हट्टाने हाती ठेवलेली ‘आयशील्ड २१’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, मी ३७व्या खंडापर्यंत इंग्रजी अनुवादात वाचून काढली.

रिइचिरो इनागाकी यांची कथा आणि युसुके मुराता यांची चित्रे असलेली ही मालिका ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात २००२ ते २००९ या काळात ३३३ प्रकरणांत प्रसिद्ध झाली. सेना कोबायाकावा हा अंगाने लहान, स्वभावाने भित्रा मुलगा वर्षानुवर्षे दांडगट मुलांची हरकामे करत धावला आहे, आणि त्याच धावपळीत गर्दीतून अंग चोरून निसटण्याची कला त्याच्या पायांत भिनली आहे. देइमोन हायस्कूलच्या संघाचा हिरुमा त्याला हेरतो, त्याच्या शिरस्त्राणाला डोळे झाकणारी रंगीत काच, म्हणजे आयशील्ड, बसवतो आणि २१ क्रमांकाच्या पोशाखात मैदानावर सोडतो. बाकीच्यांच्या लेखी सेना संघाचा साधा सेक्रेटरी आहे.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात, हा या खेळाचा कणा. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. दूरचित्रवाणीवर मला कंटाळवाणा वाटणारा हा विराम कागदावर मात्र बलस्थान ठरतो, कारण चित्रचौकटही मुळात थांबलेलीच असते. चेंडू फेकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू एकमेकांकडे पाहत उभे असताना कोण काय ताडतो आहे, कोण हूल देणार आहे, हे लेखक सावकाश मांडतो. नंतर मुराता पानभर रेषांचा असा झोत सोडतात की वाचकाची नजर सेनाच्या मागे फरफटत जाते. सेना चाळीस यार्ड ४.२ सेकंदांत धावतो, हा आकडा त्या रेषांमुळे खरा वाटतो. याच कथेवर आधारलेल्या १४५ भागांच्या ॲनिमे (हलत्या चित्रांच्या) मालिकेत तो ताण मला बराच पातळ झालेला वाटला.

प्रत्येक प्रकारच्या शरीराला येथे काम आहे, हे मला सर्वांत भावले. अवाढव्य कुरिता रेटून धरतो, सेना निसटतो. पण माझ्या मनात राहिला तो युकिमित्सु. आईच्या धाकात केवळ अभ्यास करत वाढलेला, दम नसलेला हा मुलगा दीर्घकाळ राखीव बाकावर बसतो आणि शिनर्युजी संघाविरुद्ध अखेर मैदानात उतरतो, तेव्हा पाय नव्हे तर डोके वापरून मोकळी जागा शोधतो. ती पाने मी दोनदा वाचली.

हिरुमाबद्दल मात्र माझे मत दुभंगलेले आहे. लोकांची गुपिते वहीत टिपून त्यांना धमकावणारा, शाळेत बंदुका झाडणारा हा मुलगा विनोदासाठी आहे हे कळते. पण तीच गंमत दहाव्यांदा आली की हसू येत नाही. त्याचे डावपेच इतके चलाख आहेत की बंदुकांची गरजच नव्हती. शिवाय हायस्कूलच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना, म्हणजे ख्रिसमस बोल, संपल्यावर कथा जागतिक स्पर्धेकडे वळते तेथे पकड सैलावते: नवे खेळाडू ओळखीचे होण्याआधीच हरतात किंवा जिंकतात.

पाने उजवीकडून डावीकडे वाचावी लागतात. एका खंडातच सवय होते. जुने खंड विकणाऱ्या एका दुकानातून घेतलेल्या माझ्या प्रतींपैकी एकीची शिवण उसवलेली निघाली, म्हणून घेण्यापूर्वी मधली पाने अवश्य उघडून पाहावीत. मुरातांची उत्तम चित्रे दोन पानांवर पसरलेली आहेत, आणि सेनाची धाव नेमकी त्या शिवणीवरूनच जाते.