बाळाचा विचार आणि मधुमेह: दंडावरचा सेन्सर व ग्लुकोमीटर, काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल, मग तपशील. टाइप २ मधुमेह असेल आणि गोळ्यांवर शुगर सांभाळली जात असेल, तर दिवस राहण्याच्या तयारीत दंडावर कायम सेन्सर (कातडीला चिकटून दिवसरात्र शुगर मोजणारं आणि फोनच्या ॲपवर तिचा आलेख दाखवणारं छोटं यंत्र) बाळगायची गरज नाही. एक सेन्सर सुरुवातीला, दुसरा औषधं किंवा जेवण बदलल्यावर, आणि मधल्या काळात धड चालणारा ग्लुकोमीटर (बोट टोचून शुगर बघायचं यंत्र), एवढ्यात काम भागतं. टाइप १ असेल किंवा दिवसातून तीन-चारदा इन्सुलिन घ्यावं लागत असेल, तर सलग लावावा, आणि शुगर फार खाली-वर गेली की अलार्म वाजणाराच घ्यावा.

हा खटाटोप कशासाठी, तर एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली आणण्यासाठी, तेही शुगर वारंवार लो न होता. बाळाचं हृदय, मणका, मेंदू यांची घडण पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होते. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर शुगर आणायला धावलं तर ती जागेवर येईपर्यंत तो काळ निघून गेलेला असतो. म्हणून आकडा जागेवर येईपर्यंत गर्भनिरोधन चालूच ठेवायचं. १० टक्क्यांच्या वर असेल तर डॉक्टर थांबायलाच सांगतात.

६.५ टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण १४० मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तात; पुढचे शुगरचे आकडेही असेच). पण सरासरी कशातून आली हे रिपोर्टवर कळत नाही, आणि सेन्सरचा खरा उपयोग इथेच होतो. नाश्त्याच्या पोह्यांचं बघा. सोबत साखरेचा चहा असेल तर शुगर तासाभरात झपाट्याने चढते आणि दोन तासांनी बोट टोचेपर्यंत बरीच खाली आलेली असते. वहीत आकडा छान दिसतो, एचबीएवनसी मात्र हलत नाही. उपासाच्या साबुदाणा खिचडीचं अनेकदा उलटं होतं. तूप आणि दाण्याच्या कुटामुळे ती सावकाश चढते, दोन तासांनी बरी वाटते आणि तिसऱ्या तासाला वर असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठे हात घालायचा ते कळतं. पोहे निम्मे करून सोबत उसळ किंवा अंडं, चहा बिनसाखरेचा, आणि उठल्यावर पंधरा मिनिटं चालणं. जेवताना कोशिंबीर, भाजी, वरण आधी आणि भाकरी-भात शेवटी घेतला तरी चढाव कमी होतो. ज्वारीची भाकरी हवी तेवढी चालते, हा घरोघरचा समज मात्र आलेखावर टिकत नाही. तिसरी भाकरी तिथे लगेच दिसते.

आता सेन्सरच्या खोड्या. तो रक्तातली नाही, पेशींभोवतालच्या द्रवातली शुगर मोजतो. त्यामुळे शुगर वेगाने चढत-उतरत असताना तो पाच-दहा मिनिटं मागे असतो, कधी त्याहूनही जास्त. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर इन्सुलिनचा डोस बदलू नये. सेन्सरच्या कुशीवर झोपलं की तिथला दाब पडून रात्री दोन-तीन वाजता शुगर ५० दाखवतो. आलेखावर कड्यासारखी सरळ घसरण आणि कूस बदलताच तितकीच सरळ चढण दिसली, तर ती बहुधा खोटी. तरी बोट टोचून खात्री करायची, अंदाजाने सोडायचं नाही. काही सेन्सर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनेही वरचा आकडा दाखवतात. सर्दीसाठी चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर खोक्यातली माहिती वाचा.

चिकटवताना दंडाची मागची, मऊ बाजू निवडा. तेल-लोशन नको. स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, ओल्या त्वचेवर कड लगेच सुटते. ब्लाउजची घट्ट बाही नेमकी तिथेच संपते आणि कपडे उतरवताना सेन्सर ओढला जातो. त्यामुळे बाहीच्या काठापासून दोन बोटं लांब लावावा. दमट हवेत घामाने कड उचलली जाते. वरून चिकटपट्टी लावली तर मधलं छिद्र झाकू नका.

ग्लुकोमीटरचं कौतुक कमी होतं, पण रोजचं काम तोच करतो. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणून १३२ आणि १४१ यांत फरक शोधत बसू नये. आंबा किंवा केळं हाताळून तसंच बोट टोचलं तर आकडा भलताच वर जातो. साबणाने हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या बिघडतात. डबी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी. या काळात उपाशीपोटी ९० ते १२६ आणि जेवणाआधी ७२ ते १२६ अशी मर्यादा साधारण धरतात, तुमची डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवणानंतरची वेळ पहिल्या घासापासून मोजायची. ७० च्या खाली आलं तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा. चॉकलेट, पेढा नको, स्निग्धांशामुळे साखर उशिरा पोचते.

सगळ्यात फसवं यंत्र मात्र घरात नसतं, लॅबमध्ये असतं. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर शुगर तशीच असूनही उतरतो. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तेव्हा ही किरकोळ गोष्ट नव्हे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल (विदर्भ, नंदुरबारच्या पट्ट्यात हे मुद्दाम विचारावं) तर आकडा कोणत्याही बाजूला भरकटतो. सेन्सरच्या ॲपने काढलेला एचबीएवनसीचा अंदाज आणि लॅबचा आकडा यांत अर्ध्या टक्क्याहून जास्त तफावत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या.

यंत्रं सांगणार नाहीत अशी कामंही आहेत. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून हवं. मधुमेहात बरेच डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. डोळ्यांचा पडदा आधी तपासा, कारण शुगर झपाट्याने खाली आली तर आधीचा रेटिनाचा त्रास वाढू शकतो. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच याच फेरीत होतात. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं सर्रास असतात. नाव 'ग्लिफ्लोझिन', 'स्टॅटिन', 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपत असेल तर पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. ती बहुतेक बदलावी लागतात, पण आपल्या मनाने बंद करू नका. सेमाग्लुटाइड (शुगर आणि वजन उतरवणारं औषध) किमान दोन महिने आधी थांबवतात. मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन सहसा चालू राहतात.

पैशांचं गणित असं की एका सेन्सरला काही हजार रुपये जातात आणि तो साधारण चौदा दिवस चालतो. तेवढ्यात पट्ट्यांच्या बऱ्याच डब्या येतात. म्हणून सेन्सर लावायचे पंधरा दिवस निवडताना सण, लग्न आणि ऑफिसचे नेहमीचे दिवस असं मिश्रण ठेवा. फक्त पथ्याच्या दिवसांचा आलेख काही शिकवत नाही. पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ॲपमधली ७० ते १८० ही मर्यादा बदलून गरोदरपणाची ६३ ते १४० करायची का, ते त्याच फोनवर विचारून घ्या.